साड्यांची नदी

वसुधाताईंच्या अनिरुद्धचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर साडी वाळत घालत होते. "मौसी, आई नहीं रही," एवढंच तो म्हणाला. साडीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं वाऱ्यावर... आणि मनात पहिलं काय आलं असेल, तर ते दुसरं टोक धरायला वसुधाताई हव्या होत्या. महिना होत आला आता. दोरीवर साडी टाकली की अजून तसंच वाटतं.

वसुधाताई मूळच्या वर्ध्याच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या आणि रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या. शंकर नगरात आमची घरं पाठीला पाठ लावून. नवीन राज्याची राजधानी होऊन रायपूरला थोडेच दिवस झाले होते, आणि शहर नुकतंच झोपेतून उठून आपलं नवं नाव आठवत बसल्यासारखं दिसायचं. त्याच दिवसांत ताईंनी मराठी मंडळाच्या बैठकीत सांगून टाकलं, की यंदा गणपतीत नेहमीचं विनोदी नाटक नाही, संगीत नाटक. लिहिलेलं त्यांनीच, बसवणार त्याच, नेपथ्यही त्यांचंच. गंमत अशी की बाई ठार बेसूर. आरतीच्या वेळी त्यांच्या शेजारी उभं राहायला लोक कचरायचे.

गोष्ट साधीच होती. नावाड्याची मुलगी लग्न होऊन परमुलखात येते, करमत नाही म्हणून तिथल्या नदीला विचारते, 'सांग नदीबाई, माझं माहेर कुठल्या काठी?' आणि नदी गाऊन उत्तर देते. नदी रंगवलेल्या पडद्याची नको, साड्यांची हवी, दोन्ही विंगांतून बायकांनी हलवायची, असं ताईंच्या मनात होतं. त्यांनी घरोघरी निरोप धाडला, जुनी विटकी साडी द्या. आता भर स्टेजवर, सगळ्या मंडळासमोर, आपली विटकी साडी कोण लोंबू देईल? पैठण्या आल्या, कोसा रेशमाच्या साड्या आल्या, एकीने तर लेकीच्या लग्नातला शालू इस्त्री करून पाठवला. ताईंनी कपाळावर हात मारला. "अवो, मले नदी पाहिजे, लग्नाचा मांडव नाई!" शेवटी त्या स्वतःच निघाल्या, आणि प्रत्येक घरी एकच म्हणायच्या, "गोधडीचं गाठोडं दाखवा." गोधडीसाठी बाजूला टाकलेल्या साड्यांत मात्र त्यांना हवी ती नदी सापडत गेली. धुऊन धुऊन मऊ पडलेली, रंग पाण्यात सोडून आलेली.

माझ्या गाठोड्यात आईचं निळं लुगडं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण त्याला कात्री लावायचा धीर मला होत नव्हता. आई आणि मी सकाळची कामं करता करता गायचो. ती गेली आणि माझं गाणं बंद झालं. तोंड उघडलं की शेजारचा सूर नाही हे कळायचं, आणि मी ते पुन्हा मिटायची. ताईंना हे सगळं ठाऊक होतं. लुगडं छातीशी धरून त्या म्हणाल्या, "नदीचं गाणं तू म्हणजो, मालू."

"मी नाही गाणार ताई. दुसरं कोणी बघा."

"काहून नाई म्हणून राहिली? साडीच्या मागं उभं राहाचं आहे. तुले कोणी पाहणार नाई."

तालमींना मी जायची, बसायची, गायची नाही. ताईंनी दुसरी बाई शोधलीही नाही. तरुण पोरंपोरी मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. "काकू, समझ में आता है, बोला नहीं जाता," असं कुणी म्हटलं की ताई म्हणायच्या, "मंग गाऊन सांग. गाताना जीभ लाजत नाई." ते त्या मुलांना सांगत, पण बघत माझ्याकडे.

प्रयोगाच्या दिवशी ताईंच्या आग्रहाखातर मी लुगड्यामागे उभी होते. दिवे निळे झाले, बायकांनी टोकं हलवली, आणि साऱ्या घरांच्या जुन्या साड्या एकदम वाहू लागल्या. नावाड्याच्या मुलीने प्रश्न विचारला. पेटीवाल्याने माझी सुरावट धरली, पुन्हा धरली... आईचं लुगडं गालाला लागत होतं आणि मला फक्त रडायला येत होतं. तेवढ्यात शेजारून, लुगड्याचं टोक धरलेल्या वसुधाताईंनी स्वतःच गायला सुरुवात केली. 'माझ्या पाण्यात उतर पोरी...' काय तो सूर! सभागृहात खसखस पिकली. मला ते ऐकवेना. आईच्या कपड्यासमोर असं बेसूर? मी नकळत खरा सूर लावला, 'तुझं माहेर माझ्या पोटी...' आणि मग गातच राहिले. ताई कधी थांबल्या, मला कळलंही नाही.

"तुले बेसूर सहन होत नाई, मले मालूम होतं," नंतर त्या एवढंच म्हणाल्या.

साड्या धुऊन ज्याच्या त्याला परत गेल्या. माझी तेवढी त्यांनी मागून घेतली आणि आपल्या खोलीच्या खिडकीला लावली. पुढे ऑफिसं नव्या रायपुरात गेली, मागोमाग माणसंही तिकडच्या रुंद रस्त्यांच्या वस्तीत राहायला गेली, मंडळ विरळ होत गेलं. शेवटच्या आजारपणात ताई पडल्या पडल्या ते लुगडं हलताना बघत असायच्या. मी गेले की मुद्दाम चुकीचा सूर काढायच्या, आणि मी तो दुरुस्त करायची. औषधापेक्षा त्यांना तेच आवडायचं.

तेराव्यानंतर मी त्यांच्या खोलीत गेले. अनिरुद्ध कपाट आवरत होता. "मौसी, ये आपकी माँ की साड़ी है ना? ले जाइए," म्हणाला. खिडकी उघडी होती, लुगडं हलत होतं. मी हात लावला, पण काढवेना. इतकी वर्षं ज्या चुकीच्या सुराला मी हसले, तो आता कुठून आणायचा, असं वाटून तशीच उभी राहिले... आणि मागे, पाठमोरा, घड्या घालता घालता, अनिरुद्ध आपल्याच नादात गुणगुणायला लागला, 'माझ्या पाण्यात उतर पोरी...' आयुष्यभर माझ्याशी हिंदीत बोललेला मुलगा. आईसारखाच ठार बेसूर.

मी लुगडं सोडलं आणि पुढची ओळ धरली.