सिहोऱ्याच्या शेतात शिजलेली इटली

मी इटलीला कधी गेले नाही. पण इतक्या लांबून त्या देशाला जेवढा त्रास देता येईल, तेवढा मी दिलेला आहे.

तेव्हा मी जेमतेम साठ वर्षांची होते. (अक्कल साठीनंतर येते म्हणतात. मी अजून वाट पाहून राहिले आहे.) आमच्या चिन्मयनं पुण्यात एक मुलगी पसंत केली होती, मुलीनंही त्याला पसंत केलं होतं. राहिला होता तो फक्त मुलीच्या आईचा होकार. सुलभाताई त्यांचं नाव. त्या नवऱ्यासह घर बघायला जबलपूरला येणार होत्या आणि फोनवर त्यांनी सहज विचारलं होतं, "तिकडे जंगलात तुम्ही लोक खाता तरी काय हो?" वर, आपण इटली फिरून आलोय आणि तिथला तो तासन् तास मंद आचेवर शिजवलेला खिम्याचा सॉस अजून जिभेवर आहे, हेही सांगून टाकलं.

झालं! मी ठरवलं, हाच सॉस. तोही उघड्यावर, चुलीवर!

"अगं, काहून जिवावर उठून राहिली?" आमचे हे म्हणाले. "थंडीचे दिवस आहेत. सिहोऱ्याला दोस्ताच्या शेतावर जाऊ, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गक्कड भाजू, वांग्याचा भर्ता करू. पाहुणे खुश!"

"कणकेचे गोळे राखेत लोळवून व्याह्यांना वाढू? गावंढळ दिसतं ते!" मी, म्हणजे आयुष्यभर तेच गोळे तुपात बुडवून खाल्लेली बाई, म्हणाले.

तर पाहुणे आले त्या दिवशी, ते शेत बघत हिंडत असताना, तीन विटा मांडून, रेशमी साडी नेसून (चुलीपुढे बसायला याहून योग्य वस्त्र कोणतं?) मी पातेलं चढवलं. कांदा, गाजर, खिमा, टोमॅटो. मोबाइलवरची बाई म्हणाली, आता यात रेड वाइन घाला. आमच्या घरात लाल आणि आंबट असं एकच पेय होतं. मी कोकमाचं आगळ घातलं.

मग ती बाई म्हणाली, आता तीन तास हात लावू नका.

इथंच घात झाला. मराठी माणूस उघड्या पातेल्यासमोर तीन तास गप्प बसला, असं कधी ऐकलंय?

आधी शेताचा राखणदार हल्के आला. वाकून वास घेतला. "बाईजी, जो का बन रओ है?"

"इटालियन."

"अच्छा." तो गंभीर झाला. "घर में कौनऊ बीमार है का?"

माझा चेहरा टोमॅटोसारखा झाला. पण मी हटले नाही. मोबाइलमधल्या बाईवर माझा नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

तेवढ्यात पास्त्याची आठवण झाली. तो शिजवायला मी दुसऱ्या चुलीकडे गेले. कुकर लावला. तीन शिट्या. (हसू नका. तूरडाळीला चालतं ते पास्त्याला काहून चालू नये?) मधून मधून येऊन सॉसकडे बघत होते आणि चमत्कारच होत होता! दर खेपेला रंग जास्त गडद, वास जास्त खमंग. मी मनात म्हटलं, यालाच म्हणतात मंद आच. या गोऱ्या लोकांना काही म्हणा, पण स्वयंपाकातलं कळतं!

कुकर उघडला. आत पास्ता नव्हता. आत खळ होती! अख्ख्या कॉलनीचे गणपतीची मखरं चिकटवता येतील एवढी.

आता होकार कसला मिळतोय! मी रडकुंडीला येऊन सॉसकडे धावले, आणि बघते तो काय, खुद्द सुलभाताई पातेल्यावर वाकलेल्या! एका हातात गुळाचा खडा, दुसऱ्या हातात गोड्या मसाल्याची पुडी.

"सुलभाताई?"

त्या दचकल्या. गूळ पातेल्यात पडला. "अहो... चिमूटभरच घातला. जरा सपक वाटत होता."

"पण तुमची ती इटली...?"

"खरं सांगू? इटलीतही मी ही पुडी पर्समध्येच घेऊन हिंडत होते. तो सॉस गोड्या मसाल्याशिवाय घशाखाली उतरेना." मग हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना मात्र सांगू नका. त्यांनी त्या सहलीवर फार खर्च केलाय."

एवढ्यात कडुनिंबाआडून आमचे हे निघाले. हातात काळ्या मसाल्याचा डबा. आम्हाला दोघींना बघून जागच्या जागी थिजले.

"मी... फक्त ढवळायला आलो होतो."

"डबा घेऊन?"

"दुसऱ्यांदाच आलोय," ते म्हणाले. त्यांना वाटलं, यानं गुन्हा कमी होतो.

मग सुलभाताई अशा हसत सुटल्या, की ठसका लागला. यांनी गुपचूप राखेतून गक्कड उकरले. शहाण्या माणसानं ते सकाळीच पुरून ठेवले होते! खळ हल्केच्या म्हशीपुढं ठेवली. तिनं हुंगून तोंड फिरवलं.

मुलीच्या वडिलांनी गक्कड कुस्करून, वर सॉस ओतून पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "सुलभा! अगदी रोमची आठवण झाली गं!"

सुलभाताईंनी माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तारीख काढा."

विहीणबाई! मी रडलेच, आणि ते धुरामुळे नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्याकडे 'इटालियन' होतं. मी मोहल्ल्यातल्या चार पोरींना ते शिकवलंसुद्धा. पुढे सूनबाईच्या ऑफिसातली खरीखुरी इटलीची पोरगी आमच्या जबलपुरातल्या मदन महालच्या घरी पाहुणी आली. तिनं अख्खी दुपार खपून, तिच्या आजीच्या पद्धतीनं सॉस केला. सगळे वाहवा करत होते. मी एक घास घेतला आणि सूनबाईच्या कानात म्हणाले,

"बिचारीला अजून जमत नाही गं. गूळ विसरली."