हिरव्या छत्रीवाल्या बाईची पर्स

पर्सकाकूंच्या मागच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. तो बाजूला केला की आत बायकांची बैठक भरली आहे असं वाटायचं. खिडकीच्या कट्ट्यावर, कपाटावर, शिलाई मशीनच्या पाठीवर चामड्याच्या जुन्या पर्स तोंडं उघडी टाकून वारा खात बसलेल्या असायच्या. काही काकूंनी जुन्या बाजारातून उचललेल्या, काही कुणी दुरुस्तीला ठेवून गेलेल्या. एकीचा पट्टा सुटलेला, दुसरीला बुरशीने पांढरं केलेलं, तिसरीचं अस्तर जिभेसारखं बाहेर आलेलं.

“घरात बायका फार झाल्या,” काका म्हणायचे. काका म्हणजे काकूंचे यजमान, बसवरचे निवृत्त ड्रायव्हर. “चहा पिताना सगळ्या माझ्याकडे बघतात.”

“मग शर्ट घालून बसत जा,” काकू म्हणायच्या.

काकूंच्या आयुष्यात प्रवास असा झालाच नव्हता. काका दिवसभर बस चालवून यायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना चाकं असलेली कुठलीही वस्तू डोळ्यांसमोर नको असायची. मुलगा मोठा झाला, परगावी गेला, आणि काकू राहिल्या त्याच गल्लीत, त्याच खिडकीशी. मग कधीतरी बटणं ठेवायला म्हणून त्यांनी बाजारातून एक फाटकी पर्स आणली. उघडली, तर आतून कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास आला. काकू ती मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. ही बाई कोण असेल, कुठे जात असेल, हिला घरी कोण वाट बघणारं असेल. दूध उतू गेलं तेव्हा त्या भानावर आल्या. बटणं अजून जुन्या डब्यातच आहेत.

तेव्हापासून त्यांची कामाची एक पद्धत पडली. पर्स आली की आधी ती नुसती उघडी ठेवायची, तिला श्वास घेऊ द्यायचा. मग मऊ ब्रशने धूळ. मग चामड्याच्या साबणाचा फेस, पाणी अगदी बेताचं, आणि लगेच कोरडं फडकं. बुरशी असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर. वाळवायची सावलीत, उन्हात चामडं रुसतं आणि एकदा रुसलं की तडा घेऊनच बसतं. मग बोटांनी क्रीम, गोल गोल, चामडं पोटभर पिऊन नको म्हणेपर्यंत. चेन अडत असेल तर तिच्यावरून मेणबत्ती फिरवायची. आणि या सगळ्या वेळात काकू त्या पर्सच्या मालकिणीबरोबर हिंडत असायच्या. पट्ट्याच्या झिजेवरून त्यांना खांदा दिसायचा, अस्तरावरच्या डागावरून हात, वळ्यांवरून चाल. म्हणूनच त्यांचा नियम होता की पर्स कुणाची ते विचारायचं नाही, आणि कुणी सांगू लागलं तर सांगू द्यायचं नाही. खरी मालकीण कळली की आतली बाई निघून जायची, आणि मग हात चालायचे नाहीत.

ती तपकिरी पर्स आली एका दुपारी. आणणारी बाई बँकेत नोकरीला होती, जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती.

“ही ना, काकू, जरा जपून करायची आहे. ही ज्यांची आहे त्यांना...”

“कुणाची ते नका सांगू.”

“अहो, पण तेच तर सांगायचंय.”

“माझं काम बिघडतं त्याने. काय काय करायचं तेवढं सांगा.”

बँकवाल्या बाईने घड्याळाकडे पाहिलं. सुट्टी संपत आली होती. “सगळंच करा मग,” ती म्हणाली. “फार वास येतो तिला. नव्यासारखी करा. महिना संपायच्या आत हवी.” आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

पर्स चौकोनी होती, अंगाने भक्कम, वर पितळी खटका. काकूंनी खटका उघडला आणि डोळे मिटले. पेपरमिंटच्या गोळ्या. त्याखाली काहीतरी उग्र, थंड, उडून जाणारं. अत्तराच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं असावं. पट्ट्यावर एका जागी अंगठ्याएवढा काळा, गुळगुळीत ठसा. आणि अस्तराच्या कोपऱ्यात हिरवा डाग, ओल्या कापडाचा रंग उतरावा तसा.

छत्री, काकूंना वाटलं. हिरवी छत्री.

मग ती बाई हळूहळू आलीच. उंच होती. ओली छत्री तशीच पर्समध्ये कोंबणारी, म्हणजे विसरभोळी. प्रवासात मळमळतं म्हणून गोळी चघळणारी. प्रवास बोटीचा असणार. बोट काकूंनी चित्रातच पाहिली होती, पण धक्क्यावरची ओलसर फळी त्यांना पायाखाली लागू लागली. त्या फेस लावत होत्या आणि बाई फळीवर उभी होती. त्या फेस पुसत होत्या आणि बोटीचा भोंगा वाजत होता. इतक्या लांब निघालेल्या बाईची पर्स कशी असायला हवी? काकूंनी जीव ओतला. कोळशाचे तुकडे कापडात बांधून आत ठेवले, वासाचा मागमूस राहिला नाही. पट्ट्यावरचा काळा ठसा हलका करत करत नाहीसा केला, वर रंगाचा पातळ हात दिला. पितळ असं लखलखवलं की काका त्यात बघून मिशी सारखी करून गेले.

बँकवाली पर्स बघून हरखली. “ओळखूच येत नाही,” ती म्हणाली. काकूंना ती शाबासकी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“काकू, आई ती पर्स हातात घेत नाहीये.”

आणि मग जे काकूंनी सांगू दिलं नव्हतं ते तिने सांगितलं. पर्स तिच्या आईची. आई नर्स होती. सगळी आळी अजून तिला सिस्टरच म्हणते. गेली काही वर्षं तिची आठवण विरत चालली आहे. एकटी राहते, गॅस चालू ठेवून विसरते. म्हणून मुलगी तिला स्वतःच्या घरी नेणार होती. घर सोडायचं होतं, किल्ल्या परवा द्यायच्या होत्या. पण ती पर्स हाताला लागल्याशिवाय सिस्टर उंबरा ओलांडत नाही; ड्युटीवर जायची ती सवय. आधी ती वास घ्यायची, पट्ट्यावरच्या ठशावर अंगठा टेकवायची, आणि मग पाय उचलायची; हे मुलीच्या लक्षात आलं ते आत्ता. आई तापाने झोपून होती तेवढ्यात मुलीने ती दुरुस्तीला आणली होती, म्हटलं नव्या घरी जाताना पट्टा तुटायला नको.

“आता ती म्हणते, ही माझी नाही. आणि जागची हलत नाही. उचलून नेऊ का तिला, काकू? ओरडेल ती. परक्या माणसांनी पळवून नेल्यासारखं होईल.”

“आत गोळ्या ठेवून बघितल्या?”

“गोळ्या ठेवल्या, स्पिरिट शिंपडलं. तिने नाक मुरडलं.”

स्पिरिट. काकूंनी फोन ठेवला आणि कट्ट्यावर बसल्या. तोंडात कुणी मारावं तसं झालं होतं. इतकी वर्षं आपण बायकांबरोबर गावोगाव हिंडलो, आणि एका बाईचं घराबाहेर पडणंच पुसून टाकलं.

“पुन्हा मळवता येत नाही का?” काकांनी विचारलं.

“मळवता येईल हो. पण मळ तिच्या हाताचा होता.”

काका उठले. शेजाऱ्यांच्या गाडीची किल्ली मागून आणली. “चल. निदान तोंडावर सॉरी म्हणून ये.”

सिस्टरच्या घरात सगळं खोक्यांत भरून झालं होतं. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन उरले होते. दाराजवळ एका खुर्चीवर सिस्टर बसली होती, ताठ, बुटांच्या नाड्या बांधून, हात मांडीवर मोकळे. पर्स समोरच्या टेबलावर होती. काका दारातच थांबले.

“कुणाची तरी पर्स राहिलीय इथे,” सिस्टर काकूंना म्हणाली. “तुमची का?”

“नाही, सिस्टर. मी फक्त साफ केली.”

“छान केलीय. बिचारी शोधत असेल.”

“कोण?”

“जिची आहे ती.”

“आई, तुझीच आहे गं ती,” मुलगी म्हणाली. हे तिने सकाळपासून कितीदा म्हटलं असेल ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

“माझी असती तर मला माहीत नसतं का?” सिस्टरने विचारलं.

काकू माफी मागायला आल्या होत्या. वाक्य जुळवून आणलं होतं. पण त्या पर्सकडे बघताना त्यांना पुन्हा ती ओली फळी दिसली, आणि फळीवरची पाठमोरी बाई. मान्य करायला लाज वाटत होती, पण सिस्टर म्हणत होती ते काकूंच्या दृष्टीने खरंच होतं. ही पर्स त्यांनी दुसऱ्याच बाईसाठी केली होती.

“मी बघितलंय तिला,” काकू हळूच म्हणाल्या.

मुलीने चमकून वर पाहिलं. सिस्टर पुढे झुकली. “कशी आहे?”

“उंच. हिरवी छत्री असते. गोळ्या चघळते सारखी. आणि भारी विसरभोळी.”

“विसरणारच,” सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “ती छत्रीसुद्धा विसरायची. व्हरांडाभर हाका मारत मी तिच्या मागे धावायची. मेट्रन ओरडायची, सिस्टर, पळू नका.”

अशी कुणी खरंच होती, की सिस्टरने ती आत्ताच पाहिली, हे विचारायचा काकूंना धीर झाला नाही. शिवाय विचारायचं नाही हा त्यांचा नियमच होता.

“राहते कुठे ती?” सिस्टरने विचारलं.

हे काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी आईकडे बघत राहिली, बराच वेळ. तिच्या कपाळावरची आठी आधी घट्ट झाली आणि मग सैल होत गेली. मग तिने स्वतःचा पत्ता सांगितला. दुसरा मजला, गॅलरीत पांढऱ्या फुलांची कुंडी, समोर चष्म्याचं दुकान.

“मग बसलोय काय आपण,” सिस्टर म्हणाली आणि उठली. पर्स तिने खांद्याला अडकवली नाही. दोन्ही हातांत धरली, अंगापासून जरा दूर, दुसऱ्याची वस्तू धरतात तशी. आणि उंबरा ओलांडला.

सिस्टर पर्स घेऊन मागच्या सीटवर बसली. काका गाडी इतकी हळू चालवत होते की मागच्यांनी भोंगे वाजवले. “कुठे उतरायचंय, सिस्टर?” त्यांनी आरशातून विचारलं.

“शेवटच्या स्टॉपला.”

“मग आरामात बसा. सगळ्यात चांगली सीट मिळाली की.”

मुलीच्या घरी सिस्टरने दोन्ही खोल्या बघितल्या, गॅलरी बघितली, कुंडी ओळखल्यासारखी मान हलवली.

“नाहीये ती.”

“बाहेर गेली असेल,” मुलगी म्हणाली. आता काय बोलायचं ते तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

“मग थांबते मी. परक्याची वस्तू अशी टाकून जाता येत नाही.” सिस्टरने दारामागच्या खुंटीला पर्स अडकवली, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मुलीने टाकलेल्या खुर्चीवर टेकली.

परतताना काकू खिडकीबाहेर बघत होत्या. “मी खोटं बोलले का हो?”

“तुला दिसली होती ना ती बाई?”

“दिसली होती.”

“मग मला काय विचारतेस. मी तर साधा ड्रायव्हर माणूस,” काका म्हणाले आणि गिअर बदलला.

काकूंचा नियम मात्र त्या दिवसापासून थोडा वाकला. पर्स आली की त्या एवढंच विचारतात, हिच्यावरचं काय पुसायचं नाही? लोक गोंधळतात, मग काहीतरी दाखवतात. एक चरा, एक सुरकुती. काकू तिथे खडूची बारीक खूण करतात आणि पुढचं ऐकायच्या आत पडदा ओढून घेतात.

थंडी सरत आली तेव्हा बँकवालीचा फोन आला. आई रुळली आहे, म्हणाली. रोज सकाळी ती पर्स खाली काढते, फडक्याने पुसते, पुन्हा अडकवते. ती बाई आली तर वस्तू नीट मिळायला हवी. पुसताना पट्टा एका हातात धरते ना, तिथे काळपट पडायला लागलाय.

“आणून देऊ का तुमच्याकडे?”

“नको,” काकू म्हणाल्या. “राहू दे तसंच.”

“आणि एक. आई विचारत होती, तुमची ती बाई येणार कधी.”

खिडकीत एक निळी पर्स तोंड उघडून वारा खात होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्यापलीकडे पाहिलं.

“सांगा त्यांना,” त्या म्हणाल्या, “बोटीला उशीर झालाय.”