बसते मी, तुमचं चालू द्या

द्वारकाबाई घराबाहेर पडताना चपला नंतर घालायच्या. आधी काखेत बसकर घ्यायच्या. गोणपाटाची, कडेने जुन्या लुगड्याचा काठ शिवलेली, आणि हळदीच्या पोत्यापासून केलेली म्हणून कायमची पिवळी. बँकेत, तहसिलीत, रेशनच्या दुकानात, कुठेही "साहेब जेवायला गेलेत" किंवा "उद्या या" असं ऐकू आलं की त्या भांडत नसत. कुणाच्या पायात येणार नाही अशी जागा बघून बसकर अंथरत आणि म्हणत, "बसते मी. तुमचं चालू द्या." मग पदरातल्या भुईमुगाच्या शेंगा सोलायला लागत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर दाणे ठेवत, त्याच्या लेकीबाळींची चौकशी करत. थोड्या वेळाने सगळ्या कचेरीला त्या आपल्या मावशीच वाटू लागत. काम झाल्याशिवाय त्या उठल्याचं मी कधी पाहिलं नाही.

ईरा, निशांत, माझ्या नातवंडांनो, तुम्ही मागच्या वेळी कुरुंद्याला आलात तेव्हा त्या इथे नव्हत्या. पण फोनवर माझ्या खुर्चीमागे जो पांढरा कुत्रा तुम्हाला शेपूट हलवताना दिसतो, तो कापश्या त्यांच्यामुळेच आहे. म्हणून त्या तुम्हाला माहीत असायला हव्यात.

माझी नि त्यांची ओळख तक्रारीतून झाली. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि या घरात राहायला आले. समोरच त्यांचं खळं. तिथे उकडलेली हळद वाळत पडायची आणि वाळली की मोठ्या फिरत्या ड्रमात घालून घासायची, म्हणजे चकचकीत होते. त्या घासण्याचा पिवळा धुरळा माझ्या पांढऱ्याशुभ्र पडद्यांवर बसला. मी इस्त्रीची साडी नेसून, मनात वाक्यं जुळवून गेले.

"व्हय, उडतेच की हळद," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन बाई, हळदीच्या गावात तुमी पांढरे पडदे काहून लावले?"

त्यांनी बसकर माझ्याकडे सरकवली, चहा टाकला. मी परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढच्या आठवड्यात मी पिवळ्या पडद्यांचं कापड आणलं.

द्वारकाबाई एकट्याच राहत. लेक नांदेडला दिलेली. शेती स्वतः बघायच्या, गड्यांना हुकूम सोडायच्या, पण घरातलं सगळं बोलणं कापश्याशी. "काय रे, आज वरणात मीठ जास्त झालं का? सांग की, तोंड शिवलं का तुजं?" तो गावठी कुत्रा, कापसासारखा पांढरा. मात्र हळदीच्या दिवसांत तो वाळत घातलेल्या हळदीवरच लोळायचा आणि कानापासून शेपटीपर्यंत पिवळा व्हायचा. सगळी गल्ली त्याला त्या दिवसांत 'नवरदेव' म्हणायची. "मावशी, हळद लागली, आता नवरी कधी?" असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "तुज्या घरात हाय का कोनी? पन आमचा पोरगा भाकर दुधातच खातो, आधीच सांगते."

तीन वर्षांपूर्वीच्या हळदीत हा नवरदेव मलूल झाला. भाकरीला तोंड लावेना. कुणी म्हणालं, ऊन लागलं, ताक पाजा. कुणी म्हणालं, हळद खाल्ली असेल, पडेल बाहेर. शेजारच्या यमुनाबाईंनी स्वतःच्या डब्यातली तापाची गोळी आणून दिली. माणसाचं औषध मुक्या जिवाला द्यायचं नाही एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी ती गोळी परत केली. आणि मला सुचलं ते माझ्या स्वभावाप्रमाणे सुचलं: त्याला आंघोळ घालू.

एरवी बादली दिसली की कापश्या वसमतच्या रस्त्याला लागायचा. त्या दिवशी तो मान खाली घालून उभा राहिला. काहीतरी चुकतंय असं मला तिथेच वाटलं. मी साबण लावला, द्वारकाबाईंनी पाणी ओतलं. पिवळं पाणी वाहिलं, मग नितळ वाहिलं, आणि कापश्या पुन्हा पांढरा झाला. फक्त कानाच्या आतली बाजू पिवळी. पोटाची केस नसलेली कातडी पिवळी. मी पुन्हा घासलं. पुन्हा पिवळी. कानाच्या घडीत टरारून फुगलेले गोचीड चिकटलेले.

द्वारकाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्याचा ओठ बोटाने वर केला. हिरड्या पिवळ्या. डोळ्याची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा.

"बाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही आपली हळद न्हाई."

सगळं गाव त्याला पिवळा बघत होतं आणि हसत होतं. हळद उतरली तेव्हा आजार दिसला. मग मला आठवलं की सकाळी त्याने भिंतीपाशी लघवी केली ती काळ्या चहासारखी होती. मी ते सांगितलं मात्र, द्वारकाबाईंनी काखेत बसकर मारली. "चला वसमतला."

ऑटोत कापश्या त्यांच्या मांडीवर पडून होता. वाटभर त्यांचा हात त्याच्या कपाळावरून फिरत होता.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या आणि त्यांचे धनी यांची जत्रा भरली होती. डॉक्टर एका अडलेल्या गाईकडे निघण्याच्या घाईत. तिथल्या मदतनिसाने लांबूनच पाहिलं. "कुत्र्याचं काय एवढं मावशी? ताकदीचं इंजेक्शन मारतो, घेऊन जा घरी."

"ताकद त्याला हाय. त्याला काय झालं ते बघायचं हाय."

"साहेब निघाले आता. उद्या या."

मी नियमाने चालणारी बाई. 'उद्या या' म्हटलं की उद्या किती वाजता, एवढंच विचारणारी. मी तोंड उघडणार तोच माझ्याशेजारी बसकर पसरली गेली. नेहमी त्या कडेला बसत. आज बरोबर दाराच्या मधोमध.

"बसते मी. तुमचं चालू द्या."

आज शेंगा नव्हत्या. मांडीवर कापश्या होता. डॉक्टर बॅग घेऊन दारात आले आणि थांबले. तरुण होते, दमलेले होते. वरूनच बघून म्हणाले, "हळदीचा रंग आहे आजी, कुरुंद्याकडचे ना तुम्ही?"

द्वारकाबाईंनी कापश्याचा ओठ वर केला. "बाहेरून आमी केला असंल पिवळा. आतून कोन केला? जरा वाकून बघा, लेकरा. मंग तुमी गाईकडं जा, आमी काय न्हाई म्हनत न्हाई."

डॉक्टर वाकले. त्यांनी हिरडी दाबून पाहिली, पोट चाचपलं, आणि बॅग खाली ठेवली. "जेवण कधीपासून बंद? लघवीचा रंग कसा?" आता माझी पाळी होती. मी वर्गात हजेरी घ्यावी तसं क्रमाने सांगितलं: आधी खेळणं थांबलं, मग खाणं, मग ताप, आज सकाळची काळी लघवी, कानातले गोचीड. औषध अजून कुठलंच दिलेलं नाही. "असं सांगणारं माणूस फार कमी येतं," डॉक्टर म्हणाले. द्वारकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला त्यांनीच शिकवलं होतं.

रक्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोचीड ताप. रक्तातले जंतू तांबड्या पेशी फोडत होते, त्यातून कावीळ झाली होती. "ताकदीचं इंजेक्शन देऊन घरी नेलं असतं तर हा राहिला नसता," ते म्हणाले. "आताही खात्री देत नाही. पण लढू." इंजेक्शन दिलं, खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली टांगली, आणि मग ते गाईकडे गेले. गाय आणि वासरू सुखरूप आहेत, हे परत आल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी द्वारकाबाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कापश्याने मान उचलली. गल्ली म्हणाली, झालं की बरं, आता काहून नेता? "डाक्टरनं या म्हनलं तवर जायचं," द्वारकाबाई म्हणाल्या. "अर्धी शिजली हळद बाजारात चालते का?" आम्ही रोज जात राहिलो. दवाखान्यात आमची जागा ठरून गेली. मदतनीसच आता ओरडायचा, "ओ, नवरदेवाला वाट द्या!" त्याला रोज दाणे मिळू लागले होते. इकडे डॉक्टरांच्या सांगण्यावरून खळं, गोठा, बैल, सगळ्यांवर गोचिडाचं औषध मारून झालं.

मग एका सकाळी खळ्यात आरडाओरडा ऐकू आला. मी पिवळा पडदा सारून पाहिलं. कापश्या तोंडात आख्खी भाकरी धरून पळत होता आणि मागून द्वारकाबाई लाटणं घेऊन. "थांब मुडद्या! माजी न्याहारी हाय ती!" ओरडत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. त्या रविवारी त्यांनी गल्लीला वरण-बट्टीचं जेवण घातलं. कशाचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हळद उतरल्याचं." पहिली बट्टी, तुपात बुडवून, कापश्याला. दुसरी डॉक्टरांसाठी बांधून वसमतला गेली.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि लेकीने त्यांना नांदेडला नेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कापश्याचा जीव रमला नसता. निघताना त्यांनी त्याला माझ्या ओट्यावर आणलं, बसकर अंथरली, त्याला तिच्यावर बसवलं. "मला आता खाली बसता येईना," त्या म्हणाल्या. "तुमीच बसा माज्या बदल्यात." मी विचारलं, मग तिकडे काम अडलं तर काय कराल? "उभी ऱ्हाईन की! उभ्या म्हातारीला तर लोक जास्तच भेतात."

आता पुन्हा हळदीचे दिवस आहेत. ड्रम दुसऱ्या कुणाचा तरी फिरतो, कापश्या पुन्हा पिवळाधमक झाला आहे आणि नवी पोरं त्याला नवरदेव म्हणतात. संध्याकाळी नांदेडहून फोन येतो. ख्यालीखुशाली मागाहून; पहिला प्रश्न ठरलेला.

"बाई, ओठ वर करून बघितला का?"

मी बसकरीवर बसते, कापश्याचा ओठ वर करते. तो माझा हात चाटतो.

"गुलाबी आहे, द्वारकाबाई."

"नीट बघितलं? चष्मा लावून?"

"चष्मा लावून. गुलाबी."

"मंग जेवा आता," त्या म्हणतात, आणि त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "आन् त्याची भाकर दुधात द्या!"