दाराची ओवी

मंगळवारी सकाळी दादा कॉलेजला जायला निघाला. फूलबागेपाशी टांग्यातून उतरला आणि पडला. दुपारी त्याला घरी आणलं. तो गेला होता.

दादा माझा थोरला भाऊ. कॉलेजात संस्कृत शिकवायचा, पण घरी आल्यावर त्याच्या टेबलावर ग्रीकची पानं असायची. कलकत्त्याला शिकायला गेला तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी त्याला जुनी ग्रीक शिकवली. पुढे तिथल्या ग्रीक देवळातल्या म्हाताऱ्या पाद्र्याशी ओळख झाली आणि तो आजची ग्रीक शिकला. मग उलट्या वाटेने मधल्या शतकांतली. तो म्हणायचा, "लोकांना वाटतं, ग्रीक म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यानंतर तिथल्या बायका काय मुक्या झाल्या?"

आमच्या माधवगंजात हे कोणाला समजावणार? दादा 'यूनानी' शिकून आला, एवढंच गल्लीत पसरलं, आणि लोक खोकल्याचं औषध मागायला येऊ लागले. दादा त्यांना आलं-मध सांगायचा. गुण यायचा, त्यामुळे गैरसमज पक्का झाला.

पाद्रीबाबा एका बेटावरच्या खेड्यातले. त्यांच्या गावच्या बायका माणूस गेल्यावर जी गाणी म्हणत, ती त्यांना पाठ होती. दादाने ती उतरवून घेतली. एक दिवस आई जात्यावर भाजणी दळत होती आणि दादा दारात उभा राहून बोटं मोजत होता. "आई, तीच ओवी पुन्हा म्हण." मग मला म्हणाला, "त्यांची ओळ पंधरा अक्षरांची. आठावर श्वास घेतात. आई पण आठावर घेते आहे." त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून तो ती गाणी ओव्यांत आणू लागला. एक झाली की आईजवळ बसून म्हणून दाखवायचा. जिभेवर अडली तर आई बदलून द्यायची, आणि आवडली तर दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणायची.

तो गेल्यानंतर दोन महिन्यांनी कलकत्त्याच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. मूळ ग्रीक पानं दादाने त्यांच्याकडे तपासायला पाठवली होती. भाषांतर मागाहून यायचं होतं. ते मिळालं तर दोन्ही मिळून छापू, असं त्यांनी लिहिलं होतं.

भाषांतराची वही सापडली, पण ती मोडी लिपीत. वडिलांनी दादाला मोडी शिकवली होती. मी मुलींच्या शाळेत फक्त बालबोध शिकले आणि आता तेच शिकवते. शेजारी सरकारी दफ्तरातून निवृत्त झालेले एक काका राहत होते, त्यांच्याकडे वही नेली. त्यांनी चष्मा पुसला आणि हुकूम वाचून दाखवावा तशी एकेक ओवी एका सुरात वाचली. मी बालबोधीत उतरवत गेले. मधेच ते थांबले.

"बेटा, हे काय कामकाज आहे? ना तारीख, ना दस्तखत. कोणाचं काय आहे?"

"गाणी आहेत, काका."

"असू देत. ज्या कागदावर सही नाही, तो कोणाचाच नसतो."

मला तेव्हा हसू आलं. घरी येऊन उतरवलेलं वाचू लागले, आणि मग काही सुचेना. दादाने ग्रीकमधून आणलेल्या ओव्या आणि मापासाठी लिहून ठेवलेल्या आईच्या ओव्या एकाखाली एक होत्या. खूण नाही, आकडा नाही. त्याला खुणेची गरज नव्हती. त्याला माहीतच होतं.

आणि एक ओवी होती, शेवटून दुसऱ्या पानावर.

दार लोटून घे माये, कडी नको ग घालू
येईन म्हणून नाही, वाऱ्याला वाट हवी

ही मी कधी ऐकली नव्हती. मी बोटांवर मोजलं. पंधरा. आईच्याही ओव्या मोजल्या. त्यांतल्याही काही पंधरा निघाल्या. दादा आमच्याशी शेवटचं काही न बोलता गेला होता. त्या सकाळी तो "डबा दे" म्हणाला होता, की तेही आदल्या दिवशी, हे मला आठवत नाही. मला एवढंच हवं होतं की ही ओवी त्याची निघावी.

प्राध्यापकांना मराठी येत नव्हती, मला ग्रीक येत नव्हती. म्हणून मी प्रत्येक ओवीचा अर्थ इंग्रजीत लिहून पाठवला. लढाईचे दिवस, टपाल रेंगाळायचं. उत्तरात त्यांनी लिहिलं होतं की अकरा गाण्यांची मुळं सापडली. दाराच्या ओवीचं मूळ त्यांच्याकडच्या पानांत नाही, पण असं दार तिकडच्या शोकगीतांत असतं. पाद्रीबाबांनी नंतर सांगितली असेल. ग्रीकच म्हणून छापावी का, कळवा. पाद्रीबाबांना विचारावं, तर ते दादाच्याही आधी गेले होते.

आई गहू निवडत बसली होती. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले.

"तू काय शोधून राहिली आहेस इतके दिवस?"

मी आधी मूळ सापडलेल्या अकरांतली एक वाचली. लाट येते लाट जाते, नाव दिसेना बाई.

"माझी आहे," आई म्हणाली.

"आई, तू समुद्र कुठे बघितलास?"

"समुद्र कशाला बघायला हवा? चंबळ भरून येते ती बघितली आहे मी."

"ही दादाने ग्रीकमधून आणली. प्राध्यापकांना मूळ सापडलं आहे."

"आणली असेल. वर्षभर म्हटली कोणी?"

मग मी दाराची वाचली. आईचे हात सुपात थांबले.

"हीसुद्धा तुझी?"

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली.

"तुझे वडील गेल्यापासून मी दाराला कडी घालत नाही," ती म्हणाली. "तो मला चिडवायचा. चोराला हळदीकुंकवाचं बोलावणं आहे का, म्हणायचा."

"म्हणजे ही त्याने तुझ्यावर केली?"

"मला काय माहीत? मला म्हणून दाखवली नाही कधी." मग म्हणाली, "की दाखवली होती. ह्यात यमक नाही, असं मी कशाला तरी म्हटलं होतं खरं. ते ह्याला होतं का?"

तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं, आणि मी वही मिटली.

मी प्राध्यापकांना लिहिलं की अकरा छापा. दाराची ओवी कोणाची ते मला ठरवता आलं नाही, ती राहू द्या. पाकीट बंद केल्यावर वाटलं, ती ग्रीक असेल तर मी दादाचं काम कमी केलं. ती दादाची असेल तर तिला छापू दिलं नाही. पाकीट तसंच टपालात टाकलं.

त्या अकरा छापल्या गेल्या. वही माझ्यापाशी आहे. त्या पानावर सही नाही. दाराला कडी आहे, ती आम्ही घालत नाही.