दगडी घराची गादी

गादीवाल्या बाईंनी घरात बारा मेंढ्या पाळल्यात, ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मेंढ्या चौदा झाल्या होत्या. वाण्याने तर त्यांचं ओरडणंही ऐकलं होतं. टेम्पोतून उतरली ती नुसती लोकर, सहा पोती. ओरडत होता तो टेम्पोवाला, कारण बाईंनी पोती त्यालाच आत न्यायला लावली होती.

लोकर घरासाठी होती. घर दगडी, जुनं, बुटकं. ओल अशी की कपाटातल्या चपलांना मिशा फुटायच्या. सोबत राहणाऱ्या थोरल्या बहिणीची छाती त्या ओलीने भरली, तेव्हा तिचा इंजिनिअर मुलगा तिला आपल्या दहाव्या मजल्यावर घेऊन गेला. जाताना बजावून गेला, "मावशी, पावसाळा सरला की भिंत यंत्राने तपासीन. कोरडी निघाली तर आई परत. नाहीतर कायमची माझ्याकडे." थोरलीला लिफ्टची धास्ती. तिच्या लेखी ती जन्मठेपच.

गंमत अशी, की ओल वाढवली होती याच पठ्ठ्याने. त्याच्या सल्ल्यानेच बाईंनी भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं. गुडघ्याएवढी ओल कमरेला आली. शेवटी बाईंनी प्लॅस्टिकचा कोपरा उचलला, खालची काळी बुरशी हुंगली आणि कपाळावर हात मारला. प्लॅस्टिकात बांधलेली गादी कुजते, हे त्या चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आल्या होत्या.

मग बाईंनी कंबर कसली. गवंड्याकडून सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करून घेतला. बाहेर भिंतीला टेकलेली माती उपसली. आत लाकडी दांड्यांवर फळ्यांची जमीन केली, आणि तिच्याखाली वारा खेळावा म्हणून भिंतीत भोकं ठेवली. दांड्यांमध्ये उबेसाठी लोकर, तीही कोंबून नाही, जाड कापडात भरून, टाके घालून, अगदी गादीसारखी.

"उंदरांची छान सोय झाली," गवंडी म्हणाला.

"जाळी आहे. तुझं बोट जातंय का बघ."

"आणि फळी भिंतीपासून बोटभर लांब का?"

"पावसाळ्यात फुगायला. जेवल्यावर तू पट्टा सैल करतोस ना?"

पावसाळा सरला. इंजिनिअर ओल मोजायचं यंत्र घेऊन आला. थोरली "सहज बघायला" आली होती, भरलेली बॅग घेऊन. त्याने यंत्राच्या सुया भिंतीला गुडघ्याजवळ टेकवल्या, कोपऱ्यात टेकवल्या, खाटेमागे वाकून टेकवल्या. बाई खुर्चीत बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. मान वर केली नाही, पण टाका मात्र चुकला.

"कोरडी आहे," तो म्हणाला. यंत्रच फितूर झाल्यासारखा त्याचा चेहरा.

थोरलीने बॅग उघडली आणि कपडे कपाटात लावायला घेतले. हरलेल्या माणसाला एखादी तरी शंका काढावीच लागते.

"मावशी, या कामाची हमी किती वर्षांची?"

"मी पंच्याहत्तर वर्षांची आहे. तक्रार असली तर लवकर घेऊन ये."