लवंगांवर घेतलेलं औषध

नवरात्र आलं की लवंगांच्या वासाने मला आजही मळमळतं.

माझे वडील संस्थानच्या दरबारच्या रिसाल्यातून, घोडदळातून, निवृत्त झालेले, घर छावणीत. संधिवाताने त्यांचे गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. पण दसऱ्याच्या दरबारात महाराजांपुढे वाकून तीन मुजरे करायचेच, हा हट्ट. डॉक्टरांनी सूज उतरवायला सॅलिसिलेटच्या पुड्या दिल्या आणि माझ्यासमोर बजावलं, "खाली पेट बिल्कुल नाही घ्यायची. पोटात अन्न हवं, निदान दूध तरी. शौचाला काळं झालं तर ते पोटातलं रक्त; दवाई बंद, आणि मला बोलवा."

आमच्याकडे नवरात्र लवंगांच्या जोडीवर करायचं. दिवसाला दोन लवंगा, वर पाणी, बस. मी दुधाचा पेला पुढे केला तर बाबा म्हणाले, "दुधाने व्रत तुटेल. दवाई काय अन्न आहे?" म्हणजे विष चालेल, दूध नको! दरबार जवळ आला तशा ते एका वेळी दोन पुड्या घेऊ लागले. सूज उतरली आणि घरात देवीचा जयजयकार सुरू झाला.

आठव्या माळेला त्यांचं खोलीतलं भांडं मी उचललं. आत डांबरासारखं काळं, आणि वास असा की मी अंगणात जाऊन ओकले. आईला दाखवलं. तिने हात जोडले. "अंदरची उष्णता बाहेर पडतेय. देवीची कृपा आहे." मी डॉक्टरांकडे निघाले तर बाबा गरजले, "दरबार होऊ दे, मग बोलाव." भक्तीची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

दसऱ्याला त्यांनी दरबारात तिन्ही मुजरे केले आणि परत आल्यावर घरच्या दारातच रक्त ओकलं, जरीच्या अंगरख्यावर. सोनं द्यायला आलेले नातलग दारातलं रक्त ओलांडून कौतुक करत आत येत होते. "काय वाकले हो आज!" त्या रक्तापेक्षा मला त्या माणसांची किळस आली.

डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं. पुड्या कायमच्या बंद, उपासही बंद. गुडघे पुन्हा सुजले. पुढच्या दसऱ्याला दरबार भरला तेव्हा बाबा पलंगावर बसून दूधभात खात होते. तेच नातलग आपट्याची पानं घेऊन आले. एकाने गुडघ्यांकडे बघून सुस्कारा टाकला, "मुजरा गेला बिचाऱ्यांचा."

माणूस समोर जिवंत बसून जेवतो आहे, हे कोणालाच दिसलं नाही. बाबांनी मान खाली घालून ताट बाजूला सारलं. मी ते उचलून परत त्यांच्यापुढे ठेवलं.