गिझरवाल्याची झडती

गिझरच्या तळाशी क्षार साचतो, तसे आमच्याकडे किस्से साचतात. मी आणि माझा पार्टनर सलीम भिवंडीत घरोघरी गिझरची सर्व्हिसिंग करतो. बोअरचं पाणी, त्यामुळे काम भरपूर. पण विश्वास? नावालाही नाही! डॉक्टरने पोट फाडलं तरी चालतं, आम्ही गिझरचं झाकण काढलं की अख्खं घर पहाऱ्याला उभं!

*

धामणकर नाक्याजवळ एक लूमवाले शेठ आहेत. शिफ्ट सुटली की कामगारांची झडती घ्यायची, ही त्यांची सवय. घरी गेलो की आमच्या बॅगेतल्या सामानाचा फोटो काढतात आणि निघताना ताडून बघतात. एकदा सलीमच्या बॅगेत जळकी कॉइल निघाली.

"ये फोटो में नहीं थी!"

"शेठ, आपने ही तो फेंकने को दी."

"फेंकने को दी थी. ले जाने को नहीं!"

*

मानकोलीचे एक काका गोडाऊनमध्ये स्टॉक मोजतात. गिझरमध्ये एक रॉड असतो. पाणी टाकीऐवजी त्याला खातं, म्हणून टाकी टिकते. गेल्या वर्षी बसवलेला रॉड बाहेर काढला, तर पेन्सिलीएवढाच उरलेला.

"बाकीचा कुठंय?"

"काका, पाण्याने खाल्ला."

काका हसले. "आमच्याकडे माल कमी भरला की उंदरांनी खाल्ला म्हणतात!"

*

एका वहिनींनी तर गिझरच्या प्रत्येक स्क्रूला नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. स्क्रू फिरवला की रंग उडणारच! "हे आमचे नव्हेत," वहिनी अडून बसल्या. तेव्हापासून सलीम त्याच रंगाची बाटली बॅगेत ठेवायला लागला.

ती त्याच्या बायकोला सापडली. बिचारा तिला घेऊन वहिनींकडे साक्ष काढायला गेला!

*

आणि दापोड्याच्या आजी. लेक बाळंतपणाला आलेली, मांडीवर तान्ही नात. गिझरमधला क्षार दगड झालेला, म्हणून टाकीत ॲसिड घालावं लागलं. नेमकी ती बाटली आजींनी बघितली.

टाकी धुतली, पुन्हा धुतली. पाण्यात हात घालून दाखवला. आजी हलेनात. "माझ्या पोरीची कातडी सोलली म्हंजे?"

खरं सांगतो, मला राग नाही आला. त्या बाळाची एवढीशी बोटं बघितली. मी टाकी आणखी एकदा धुतली.

"आता तू कर आंघोळ," आजी म्हणाल्या. "मी भायेर उभी हाय."

केली! परक्या घरात, भरदुपारी, आजोबांचा पंचा नेसून. बाहेर आलो तर आजींनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, कानामागं पाहिलं.

"आग होते?"

"नाही हो आजी!"

"लगेच न्हाय व्हायाची. सकाळी हितं येऊन अंग दाखव, मंग पोरीला आंघोळ घालीन." मी बॅग उचलली, तशा मागून ओरडल्या, "आन् मधी दुसरी आंघोळ करून येऊ नको. मला कळंल!"